कमी झटक्याची रिव्हॉल्वरची काडतुसं कशी निवडायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झटका नेमका ठरतो कशावर? काडतुसावर की रिव्हॉल्वरवर?

दोन्हीवर, पण लोक फक्त काडतुसाच्या पेटीकडे बघतात आणि हातातल्या वस्तूचं वजन विसरतात. बुलेट किती जड आणि किती वेगात निघते, त्यात जळालेल्या दारूचा गॅस, या सगळ्याचा जोर मागे येतो, आणि तो जोर रिव्हॉल्वरच्या वजनावर वाटला जातो. साधारण ४२५ ग्रॅमचं, खिशात मावणारं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्वर घ्या. त्यात .३८ स्पेशल या मापाच्या काडतुसाचा १४८ ग्रेनचा (ग्रेन हे बुलेटच्या वजनाचं माप, साधारण पंधरा ग्रेनचा एक ग्रॅम) वॅडकटर, म्हणजे सपाट तोंडाची बुलेट, उडवला तर माझ्या हिशोबाने ५-६ ज्यूलचा झटका बसतो, १५८ ग्रेनचा प्लस पी, म्हणजे जास्त दाबाचा, राउंड उडवला तर १० च्या आसपास, आणि त्याच वजनाच्या गनमध्ये .३५७ मॅग्नमचा १२५ ग्रेनचा राउंड टाकला तर २५ च्या घरात. म्हणजे चौपट-पाचपट. आता तोच वॅडकटर एक किलोच्या, चार इंची नळीच्या रिव्हॉल्वरमधून उडवा, झटका अडीच ज्यूलच्या आसपास येतो, म्हणजे काही वाटतच नाही म्हणा ना.

म्हणून कोणी "स्वसंरक्षणासाठी कमी झटक्याची गोळी सांगा" म्हणालं की मी आधी विचारतो, गन कुठली आहे? निम्म्या वेळा उत्तर तिथेच मिळतं.

मी मुद्दाम सगळ्यात हलकं रिव्हॉल्वर घेतलं, जवळ बाळगायला सोपं म्हणून. चुकलं का?

चुकलं असं नाही, पण मीही हेच केलं होतं म्हणून सांगतो. पहिल्यांदा घेतलं ते पिसासारखं हलकं, आणि त्यात भरले मॅग्नम, कारण पेटीवरचे आकडे भारी दिसत होते. पहिल्या बाराला टार्गेट सोडून वरची फळी गेली, तिसऱ्याला अंगठा आणि तर्जनीच्या मधली कातडी सोलली, पाचव्याला मी डोळे मिटून चाप ओढत होतो हे बाजूला उभ्या असलेल्या मित्राने नंतर सांगितलं, मला स्वतःला कळलंच नव्हतं. ती पेटी मी आजतागायत संपवलेली नाही, आणि जी पेटी संपवावीशी वाटत नाही तिचा सराव होत नाही, हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं.

हलक्या गनला आणखी एक गोष्ट असते. रुगर एलसीआर .३८ चं वजन ३८३ ग्रॅम आहे, आणि अशा छोट्या डबल अॅक्शन (चाप ओढला की घोडा स्वतःच मागे जाऊन सुटतो अशा) रिव्हॉल्वरचा चाप साधारण ४-५ किलोचा जोर मागतो. वस्तूच्या वजनाच्या दहापट जोराने तुम्ही तिलाच ओढताय, नळी हलणारच. त्यात झटक्याची भीती मिसळली की नेम गेलाच. काडतूस सौम्य असेल तर निदान भीती तरी जाते.

पण कमी झटका म्हणजे कमी ताकद ना? मग उपयोग काय?

ताकद थोडी कमी असते, खोटं कशाला बोलू. प्रश्न असा आहे की जेवढी हवी तेवढी आहे का. यासाठी बहुतेक लोक एफबीआयचं, म्हणजे अमेरिकेच्या तपास संस्थेचं, माप वापरतात: बॅलिस्टिक जिलेटिनमध्ये (मांसाच्या जागी चाचणीला वापरतात ती जेली) बुलेट १२ ते १८ इंच, म्हणजे ३० ते ४६ सेंटिमीटर जायला हवी, आणि तीही समोर जाड कपडे असताना. हे माप आलं ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयची दरोडेखोरांशी चकमक झाली त्यानंतर. दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले, आणि एका हल्लेखोराला सुरुवातीलाच लागलेली ९ एमएमची होलो पॉइंट (टोकाला खळगा असलेली, आत शिरल्यावर फुलणारी) गोळी दंडातून छातीत शिरली पण हृदयाच्या थोडी अलीकडे थांबली, तो माणूस त्यानंतरही लढत राहिला. गंमत म्हणजे शेवटी ती चकमक संपवली एका जखमी एजंटने, रिव्हॉल्वरमधल्या .३८ स्पेशल प्लस पी गोळ्यांनी.

त्यातून मी घेतलेला धडा एवढाच: गोळी खोलवर पोचली पाहिजे आणि योग्य जागी लागली पाहिजे. फुलणं, मोठं होणं, ज्यूलचे आकडे हे सगळं त्याच्यानंतर. आणि योग्य जागी लागायचं तर दुसरी-तिसरी गोळीही ताब्यात हवी, म्हणजे परत झटक्यावरच आलो.

वॅडकटर वॅडकटर ऐकतोय, ते तर कागदावर मारायचं काडतूस ना?

हो, मूळ काम तेच. पुढून सपाट, दंडगोल बुलेट, केसच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याच्या, तोंडाबरोबर आत बसवलेली, त्यामुळे काडतूस बघितलं तर रिकामी केस वाटते, पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो "यात गोळी कुठेय?" टार्गेटवर लागली की पंचिंग मशीनने पाडावं तसं स्वच्छ गोल भोक पडतं, आणि स्पर्धेत गुण मोजायला सोपं जातं म्हणूनच तो आकार आला.

पण तोच सपाट चेहरा इथे कामाला येतो. गोल टोकाची बुलेट मांस बाजूला सारत घुसते, सपाट चेहऱ्याची कापत जाते. होलो पॉइंटला फुलायला वेग लागतो आणि दोन इंची नळीतून तो वेग बऱ्याचदा मिळतच नाही, शिवाय जाड कपड्याचे धागे खळग्यात भरले की ती साध्या गोळीसारखीच वागते. वॅडकटरमध्ये खळगाच नाही, भरणार काय? तो जसा निघतो तसाच पोचतो, आणि दोन इंची नळीतूनही एफबीआयच्या मापात साधारण बसतो.

खोट आहे ती सांगतो. एक, रिलोड करणं वैतागाचं. टोकच नसल्यामुळे सिलिंडरच्या (काडतुसं भरायच्या फिरत्या भागाच्या) चेंबरमध्ये घालताना ती काठावर अडकते, घाईत तर पाचातल्या दोन हमखास. म्हणून पुष्कळ लोक सिलिंडरमध्ये वॅडकटर आणि स्पीडलोडरमध्ये (सगळी काडतुसं एकदम भरायच्या साधनात) टोक असलेली काडतुसं ठेवतात, मीही तसंच करतो. दोन, "वॅडकटर" नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. मऊ शिशाचा टार्गेट राउंड, साधारण ७०० फूट प्रति सेकंदाचा, तो आपल्या कामाचा. आणि कडक ओतलेल्या शिशाचा, जास्त दारूचा राउंड, तो फार खोल जातो आणि झटकाही देतो, म्हणजे ज्यासाठी वॅडकटर घेतला तोच मुद्दा गेला. पेटीवर वेग वाचा. तीन, उघडं शिसं असल्याने नळी घाण होते आणि हाताला लागतं, नेमबाजीच्या रेंजवरून आलात की खाण्याआधी साबणाने हात धुवा.

पेटीवर "लाइट" किंवा "लो रिकॉइल" लिहिलेल्या गोळ्या कशा असतात?

बहुतेक वेळा बुलेट हलकी केलेली असते. .३८ मध्ये नेहमीचं वजन १५८ ग्रेन, तिथे ११० किंवा अगदी ९० ग्रेन. हॉर्नडी कंपनीच्या क्रिटिकल डिफेन्स लाइटमध्ये ९० ग्रेनची, गुलाबी टोकाची बुलेट येते. हातात झटका खरोखर कमी जाणवतो. अडचण अशी की हलक्या बुलेटला पुढे रेटणारं वजनच कमी, त्यामुळे ती फुलली की लवकर थांबते, आणि १२ इंच गाठणं तिला जड जातं. मनगट किंवा बोटांचा सांधेदुखीचा त्रास आहे आणि दुसरं काही सोसतच नाही, त्यांच्यासाठी ठीक. ज्याला वॅडकटर झेपतो त्याने वॅडकटरच घ्यावा असं माझं मत.

प्लस पी म्हणजे काय, आणि घ्यावं का?

दाब वाढवलेलं काडतूस. साध्या .३८ स्पेशलची कमाल मर्यादा १७,००० पीएसआय (दाबाचं एकक), प्लस पीची २०,०००. तुलनेला .३५७ मॅग्नम ३५,०००. म्हणजे प्लस पी हा काही राक्षस नाही, पण हलक्या गनमध्ये फरक नीट कळतो. जुन्या रिव्हॉल्वरमध्ये, विशेषतः जुन्या अॅल्युमिनियम फ्रेममध्ये, मॅन्युअल बघितल्याशिवाय घालू नका. स्टीलचं, ७०० ग्रॅमच्या वरचं रिव्हॉल्वर असेल आणि हात तयार असेल तर १५८ ग्रेनची शिशाची होलो पॉइंट प्लस पी, जिला लोक अजून एफबीआय लोड म्हणतात, ती आजही उत्तम आहे. फेडरल कंपनीच्या १३० ग्रेनच्या मायक्रो एचएसटीमध्ये बुलेट वॅडकटरसारखी केसमध्ये पूर्ण आत बसवलेली असते, दिसायला गमतीशीर, पण ती प्लस पी आहे हे विसरू नका, दिसायला वॅडकटर आहे म्हणून झटका वॅडकटरचा नसतो.

.३५७ च्या रिव्हॉल्वरमध्ये .३८ चालते का?

चालते, आणि झटका कमी करायचा हा सगळ्यात सोपा उपाय. स्टीलचं .३५७ घ्यायचं आणि त्यात .३८ भरायची, जड गन आणि सौम्य काडतूस एकदम मिळतं. उलटं मात्र नाही, .३५७ ची केस साडेतीन मिलिमीटरच्या आसपास लांब असते ती याचसाठी, .३८ च्या सिलिंडरमध्ये ती पूर्ण बसू नये म्हणून. फक्त खूप .३८ उडवल्यावर चेंबरच्या आत काजळीचं कडं बसतं, ते ब्रशने काढलं नाही तर पुढे कधी .३५७ घालायला गेलात की अडकतं.

आणि हो, .३८ एस अँड डब्ल्यू हे वेगळं काडतूस आहे, .३८ स्पेशल नव्हे. नावातल्या गोंधळाने लोक चुकीची पेटी उचलून आणतात. नळीवर कोरलेलं अक्षर न् अक्षर पेटीशी जुळवा.

.३२ कसं? आणि .२२?

.३२ बद्दल मला कायम वाटतं की लोक उगाच दुर्लक्ष करतात. .३२ एच अँड आर मॅग्नम १९८४ मध्ये आलं, ८५ ग्रेनच्या आसपासची बुलेट, झटका वॅडकटरएवढाच किंवा किंचित कमी, आणि ज्या छोट्या फ्रेममध्ये .३८ च्या पाच बसतात तिथे याच्या सहा बसतात. .३२७ फेडरल मॅग्नम या काडतुसाचं रिव्हॉल्वर असेल तर त्यात .३२ एच अँड आर आणि .३२ एस अँड डब्ल्यू लाँग दोन्ही चालतात, म्हणजे सरावाला अगदी मऊ, कामाला मध्यम, असं एकाच गनमध्ये जमतं. .३२७ स्वतः मात्र कर्कश आहे, ४५,००० पीएसआय, कमी झटक्याच्या यादीत तिला बसवू नका. .३२ ची अडचण एकच, पेट्या सगळीकडे मिळत नाहीत.

.२२ एलआरचा झटका जेमतेम एक ज्यूल, हाताला काहीच नाही. पण अशा रिमफायर काडतुसात प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारा मसाला, केसच्या कडेत पसरलेला असतो, तो कधीकधी पेटत नाही. रिव्हॉल्वरचा फायदा असा की चाप परत ओढला की पुढचं चेंबर येतं, ऑटोमॅटिकसारखं खटपट करत बसावं लागत नाही. मात्र रिमफायरला घोडा जोरात आदळावा लागतो म्हणून चाप बऱ्याचदा .३८ पेक्षाही कडक असतो, हे दुकानात हातात घेऊन बघितल्याशिवाय कळत नाही. ज्याचा प्रश्न झटक्याचा नसून बोटाच्या ताकदीचा आहे त्याला .२२ उलट त्रासाचं जातं. घ्यायचंच तर तोकड्या नळीसाठी बनवलेली आणि खोल जाणारी गोळी घ्या, फेडरल पंचची २९ ग्रेनची त्याच कामासाठी काढलेली आहे. फुलणारी .२२ नको, तिच्यात दोन्ही करायला दम नसतो.

हलकी गोळी घातली तर नेम खाली लागतोय, गन बिघडली का?

नाही. चाप ओढल्यावर बुलेट नळीत असतानाच झटक्याने नळी वर उचलायला लागते. हलकी, वेगवान बुलेट लवकर बाहेर पडते, नळी तेवढी उचललेली नसते, म्हणून ती खाली लागते. बऱ्याच छोट्या .३८ रिव्हॉल्वरची पक्की साइट, म्हणजे नेम धरायची खूण, १५८ ग्रेनच्या आसपास जुळवलेली असते. पाच-सात मीटरवर फरक फार नसतो, पण कागदावर बघून घ्या. साइट घासायला जाऊ नका, आधी काडतूस बदलून बघा.

कोणीतरी म्हणालं न उडवलेल्या गोळीची बुलेट आपोआप पुढे सरकते. खरंय?

खरंय, आणि हलक्या गनमध्ये जास्त होतं. गन झटक्याने मागे जाते तेव्हा केस रिममुळे, म्हणजे तळाच्या बाहेर आलेल्या कडेमुळे, तिच्याबरोबर ओढली जाते, बुलेट मात्र जडत्वाने जागच्या जागी राहू बघते, ताटाखालून टेबलक्लॉथ ओढावा तसं. केसची कड नीट आवळलेली नसेल तर बुलेट थोडी थोडी बाहेर येते, आणि फार आली की सिलिंडर फिरायचाच थांबतो. म्हणजे रिव्हॉल्वर ठप्प, आणि तेही नको त्या वेळी.

तपासायची पद्धत सोपी. पाच भरा, पाचव्या काडतुसाची लांबी आधी व्हर्नियरने मोजून ठेवा आणि तळावर मार्करने ठिपका द्या. चार उडवा, पाचवं काढून परत मोजा. लांबी वाढली असेल तर ती पेटी त्या गनसाठी नाही, विषय संपला. स्मिथ अँड वेसनच्या अतिहलक्या मॅग्नम मॉडेलच्या नळीवर "१२० ग्रेनपेक्षा हलकी बुलेट नको" असं कोरलेलंच असतं, अशा सूचना शोभेला नसतात.

घरी भरलेली काडतुसं वापरली तर? स्वस्त पडतात आणि झटका हवा तेवढा ठेवता येतो.

सरावाला जरूर, अनुभव असेल तर. स्वसंरक्षणासाठी कारखान्याची पेटी. .३८ ची केस एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जुन्या काळ्या दारूच्या हिशोबाने बनलेली, म्हणून ती प्रशस्त आहे, आणि सौम्य लोडमध्ये आजची दारू तळाशी एवढीशीच असते. चुकून दुप्पट पडली तरी केस ओसंडत नाही, म्हणजे चूक लक्षात येत नाही आणि सिलिंडर फुटतो. शिवाय उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर "घरी खास बनवलेली गोळी" यावर उगाच चर्चा रंगते. आणि पोकळ तळाचा वॅडकटर उलटा बसवून "होलो पॉइंट" करायची जुनी युक्ती कोणी सांगितली तर हसून सोडून द्या.

गोळी न बदलता झटका कमी होतो का?

होतो की, मूठ बदला. छोट्या मुठीत मागची पट्टी उघडी असते आणि धातू थेट तळव्यावर आदळतो. मागचा भाग झाकणारी रबराची मूठ लावली आणि करंगळीलाही जागा मिळाली तर तेच काडतूस वेगळं वाटतं, फक्त खिशात अडकतं जास्त. हात शक्य तितका वर पकडा, पण अंगठा सिलिंडर आणि नळीच्या फटीपासून लांब, तिथून गरम गॅस बाजूला फेकला जातो.

निवडलेली गोळी योग्य आहे हे कसं ठरवायचं?

माझी कसोटी अशी. सात मीटरवर हाताच्या पंजाएवढा कागद, पाच गोळ्या, बेताच्या वेगात, प्रत्येक गोळीनंतर साइट परत जागेवर यायला हवी. मग फक्त एका हाताने. मग डाव्या हाताने. पाचही पंजात आल्या आणि दुसरे पाच भरायची इच्छा झाली तर काडतूस तुमचं. हात थरथरतोय, डोळे मिटताहेत, कागदावरची भोकं पाचव्यापर्यंत खाली-डावीकडे सरकत गेलीत, तर एक पायरी खाली उतरा, लाज वाटून घेऊ नका. त्या पेटीतली किमान पन्नास उडवा, दोन उडवून समाधान मानू नका. प्रत्येक केसच्या प्रायमरवर घोड्याचा ठसा खोल पडलाय का तेही बघा.

आणि घरी, गन रिकामी आहे हे दोनदा बघून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, रोज दहा मिनिटं कोरडा चाप ओढण्याचा सराव करा, रिमफायर असेल तर स्नॅप कॅप (सरावाचं खोटं काडतूस) घालून. पैसे लागत नाहीत आणि फायदा मात्र भरपूर होतो.

होलो पॉइंट बाळगणं कायदेशीर आहे का?

जिथे राहता तिथला नियम बघा, एकाच देशातही तो बदलतो. अमेरिकेत न्यू जर्सीत घरी ठेवायला मोकळीक, पण बाहेर बाळगण्यावर बंधनं आहेत. सपाट वॅडकटर साधारण या वादात सापडत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा. सेल्फ डिफेन्समध्ये गोळी कधी चालवता येते हा पूर्ण वेगळा विषय, तो वकिलाकडून समजून घ्या, माझ्यासारख्याकडून नको.

कमी झटक्याची म्हणजे आवाजही कमी?

नाही हो. तोकड्या नळीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, सौम्य .३८ चाही. कानांना एकच बार पुरतो. रेंजवर कान आणि डोळे दोन्ही झाका, बंद खोलीत तर प्लग आणि वरून मफ. मोठ्या आवाजानेही माणूस दचकतो आणि त्याला वाटतं झटक्याने दचकलो, दुहेरी कान झाकून बघा, निम्म्या लोकांना तीच गोळी हलकी वाटायला लागते.

बार फुसका निघाला तर?

नेहमीपेक्षा बारीक "फट" आवाज आला आणि झटकाच जाणवला नाही, तर थांबा. बुलेट नळीतच अडकली असू शकते आणि पुढची तिच्यावर आदळली की नळी फुटते. सौम्य काडतुसांना हा धोका जरा जास्त, कारण मुळात जोरच बेताचा. गन रिकामी करा, नळीत सळई घालून आरपार जाते का बघा. आणि रेंजवर आवाजच आला नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, मग सिलिंडर उघडा.

भरून ठेवलेली काडतुसं किती दिवस चालतात?

कोरड्या, थंड जागी पेटीत वर्षानुवर्षं. रोज अंगावर बाळगलेली मात्र घाम आणि धूळ खातात, मी वर्षातून एकदा ती सरावात उडवतो आणि नवी भरतो. सिलिंडरला तेल लावून लगेच भरू नका, आधी कोरडं पुसा, तेल प्रायमरमध्ये झिरपलं तर काडतूस मेलं. आणि अंगावर नसेल तेव्हा गन कुलपात, लहान मूल घरात असो वा कधीतरी येणारं असो.